लघुग्रहांची बारशी

१ जानेवारी १८०१ची रात्र. सिसिली बेटावरील पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युझेप्पे पियाझ्झी हा धर्मगुरू आणि खगोलज्ञ ताऱ्यांची स्थाने नोंदवीत होता. त्यातला एक मंद ठिपका पुढच्या रात्री मूळ जागी सापडला नाही. तो सरकला होता. मानवाला गवसलेला हा पहिला लघुग्रह (आज त्याची गणना बटुग्रहांत होते). पियाझ्झीने त्याचे नाव ठेवले ‘सेरेस फर्दिनान्देआ’. सेरेस ही रोमनांची धान्यदेवता, सिसिलीची जणू कुलस्वामिनी. आणि फर्दिनान्द हा तिथला राजा.

देवी टिकली, राजा गळाला. परक्या राजाचे नाव आपल्या तक्त्यांत लिहिणे इतर देशांच्या खगोलज्ञांना रुचले नाही. वीस वर्षांपूर्वी विल्यम हर्शेलनेही नव्या ग्रहाला इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचे नाव देऊ केले होते. त्या ग्रहाला आज जग युरेनस म्हणते.

इंग्रजांनी मात्र हा धडा वेगळ्या रीतीने गिरवला. १८५०मध्ये लंडनमध्ये जॉन रसेल हाइंड याने बारावा लघुग्रह शोधला आणि त्याला ‘व्हिक्टोरिया’ म्हटले. सिंहासनावर त्या वेळी कोण होते, हे सांगायला नको. अमेरिकेतील ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल जर्नल’चा संपादक बेंजामिन गूल्ड हे नाव स्वीकारेना, तो ‘क्लिओ’ हे पर्यायी नाव वापरी. त्यावर हाइंडची बाजू अशी की व्हिक्टोरिया ही मुळात रोमनांची विजयदेवता आहे! युक्तिवाद चलाख होता, आणि नाव राहिले.

त्या काळी लघुग्रहांना स्त्रीनामेच देण्याचा प्रघात होता. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारख्या थोर संशोधकाचा गौरव करायचा, तर ५४व्या लघुग्रहाला ‘अलेक्झांड्रा’ व्हावे लागले. पुरुषनामाचा पहिला मान १८९८मध्ये सापडलेल्या ‘इरॉस’ला मिळाला.

पुढे पैशानेही नाव मिळू लागले. १८८६च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी व्हिएन्नाच्या योहान पालिसाला निधी हवा होता. ५० पौंडांना लघुग्रहाच्या नामकरणाचा हक्क विकणे आहे, अशी सूचना त्याने एका इंग्रजी नियतकालिकात दिली. सराफी घराण्यातील बॅरन आल्बर्ट रोथ्सचाइल्डने २५०व्या लघुग्रहाला पत्नीचे नाव दिले, ‘बेटिना’. १९११मध्ये पालिसाला सापडलेल्या आणखी एका लघुग्रहाला खुद्द आल्बर्टचेही नाव मिळाले. पण तो लघुग्रह थोड्याच दिवसांत हरवला, तो थेट २०००मध्ये पुन्हा सापडला. पत्नी कक्षेत, आणि पतिराज एकोणनव्वद वर्षे बेपत्ता.

आज हे सारे नियमांत बांधलेले आहे. शोध लागताच मिळते ती केवळ तात्पुरती खूण. ‘२००६ व्हीपी ३२’ या खुणेतील ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. कक्षा निश्चित झाली की कायमचा क्रमांक, आणि त्यानंतर दहा वर्षे नाव सुचवण्याचा हक्क शोधकाचा. मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती देते. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांपेक्षा लांब नको; राजकारणी व सेनानी यांना मृत्यूनंतर शंभर वर्षे प्रतीक्षा. पाळीव प्राण्यांची नावेही नकोत, कारण एका शोधकाने आपल्या मांजराचे, ‘मिस्टर स्पॉक’चे, नाव आधीच आकाशात नेऊन ठेवले होते. वर उल्लेखिलेला ‘२००६ व्हीपी ३२’ आज ‘पंडितजसराज’ आहे. व्ही. शांताराम यांच्या या गायक जावयांचा जन्म २८ जानेवारी १९३०चा; लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८, म्हणजे तीच तारीख उलट्या क्रमाने.

तरीही नियमांपूर्वीचे एक नाव या सर्वांहून अधिक विचारात पाडते. १८५६मध्ये ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन पॉगसनने ४२वा लघुग्रह शोधला. त्याचे नाव ‘आयसिस’. आयसिस ही मिसरची देवी. ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीलाही आयसिस म्हणतात. आणि पॉगसनच्या चिमुकल्या लेकीचे नावही एलिझाबेथ आयसिस.

१८६१मध्ये पॉगसन मद्रास वेधशाळेचा प्रमुख होऊन भारतात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याला तेथून ६७वा लघुग्रह गवसला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून नाव ‘एशिया’. वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे भारतीय सहायक होते. १८६७मध्ये एका रूपविकारी ताऱ्याच्या शोधाचे श्रेय त्यांना मिळाले. पण रूपविकारी ताऱ्याला शोधक नाव देत नसतो, अक्षर मिळते. तो तारा आजही ‘आर रेटिक्युली’ एवढाच आहे. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मात्र १८७२मध्ये त्यांना सदस्यत्व दिले.

मोठी झालेली आयसिस १८७३पासून याच वेधशाळेत वडिलांची सहायक म्हणून काम करू लागली आणि जवळपास पंचवीस वर्षे करीत राहिली. १८८६मध्ये पॉगसनने त्याच सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचे नाव सुचवले. तोवर आकाशात देवी, राण्या, सराफाची पत्नी अशा स्त्रीनामांची अडीचशेच्या घरात गर्दी झाली होती, आणि त्यांत ‘आयसिस’ही होतीच. सोसायटीच्या कायदेपंडितांनी सनद उघडून पाहिली. सदस्यासाठी तीत पुल्लिंगी सर्वनाम होते. अर्ज बारगळला.

१९२०मध्ये तिला सदस्यत्व मिळाले. त्या वेळी ती सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांची होती, मद्रासची वेधशाळा तिने सोडून दोन दशके उलटली होती, आणि पॉगसनला जाऊन एकोणतीस वर्षे.