दोन दस्तरखान

आम्ही तिघं मास्तर मूळचे दिग्रसचे नव्हे. कुणी मालेगावचा, कुणी बाळापूरचा, कुणी परभणीचा. उर्दू शाळेच्या नोकरीनं इथं आणलं. खोलीवर रांधायची सोय नाही, म्हणून जेवण बाहेर.

आमची ठिकाणं दोन. एक, अरुणावती धरणाच्या रस्त्यावरची मासळीची खानावळ. रोहू, कटला रोजचे. मरळ मिळाली तर महाग, पण काटा कमी आणि चव न्यारी. तिखट रस्सा, सोबत ज्वारीची भाकर. दुसरं, गावातलं कबाबचं दुकान. सीख, पाया, खिमा. निम्म्या पैशात पोट भरतं.

चवीचा निवाडा सोपा, बसण्याचा अवघड. मासळीला जबिहाचा सवाल नाही, आणि मराठी शाळेतले मित्रही ती आवडीनं खातात. एकाच ताटलीतला कांदा सगळे उचलतो. कबाबच्या दुकानात मात्र आम्ही रस्त्याकडे पाठ करून भराभर जेवतो. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हशीला, हल्याला ती नाही. तरी दुकानदारानं पाटीवरचा ‘बडा’ शब्द चुन्यानं पुसून टाकला.

परवा एका मित्रानं विचारलं, "सर, तिकडं आम्हाला का नेत नाही?"

"तिथं बसायला जागा नसते," आम्ही म्हणालो.

बाकं रिकामीच असतात. त्याला न्यायचं की नाही, आमचं अजून ठरलेलं नाही. पण जागा असते, एवढं तरी त्याला सांगायला हवं.