कूपरेजवर सापडलेली साखळी

२००६ साली फुटबॉलची राष्ट्रीय लीग मुंबईने जिंकली होती! आपल्या मुंबईने! मी लालबागचा, इथेच जन्मलो, इथेच वाढलो, आणि ही गोष्ट मला कळली कधी, तर गेल्या रविवारी. आठवडा झाला, डोक्यातून जात नाही. भेटेल त्याला पकडून सांगतोय, आज पाळी तुमची.

झालं असं. ओव्हल मैदानावर भाच्याची क्रिकेट मॅच होती, ती लवकर आटोपली. समोर रस्त्यापलीकडे कूपरेज. शंभर वेळा त्या भिंतीला लागून गेलो असेन, आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. फुटबॉल आमचा खेळच नव्हे. आमची कबड्डी. सहज आत शिरलो, मुंबईतल्याच दोन क्लबांची मॅच चालू होती, एका कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. पहिली दहा मिनिटं सगळ्यांसारखा बॉलच्या मागे नजर फिरवत होतो. काही कळेना.

मग माझं लक्ष मागच्या चौघांकडे गेलं. बॉल पार पलीकडे होता आणि तरी हे चौघे हलत होते! एक डावीकडे सरकला की उरलेले तिघेही तेवढेच सरकायचे. त्यांच्यातल्या एकाने हात वर केला, ‘लाइन! लाइन!’ म्हणून ओरडला, आणि चौघे एकदम दोन पावलं पुढे. समोरच्या टीमचा फॉरवर्ड एकटा मागे राहिला. त्याच क्षणी त्याच्याकडे पास आला आणि झेंडा वर. ऑफसाइड!

मी उभाच राहिलो. अहो, ही तर कबड्डीतली साखळी! हात हातात नाहीत एवढंच. चढाईला आलेल्याला आत येऊ द्यायचं, मोह पाडायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून दार लावायचं. एकाचा पाय अर्धा क्षण उशिरा उचलला गेला की संपलं. लहानपणापासून मी हेच बघत आलोय की!

शेजारी एक पांढऱ्या मिशांचे काका होते. माझा उत्साह बघून हसले. म्हणाले, ‘बॅककडे बघताय? मग डेरिक परेरांची महिंद्राची टीम बघायला हवी होती तुम्ही.’

कोण डेरिक परेरा? घरी आलो आणि शोधत बसलो. बायकोने ठेवलेला चहा दोनदा निवला.

गोव्याचा माणूस. साळगावकर क्लबचा बचावपटू, भारताकडूनही खेळलेला. खेळणं थांबल्यावर प्रशिक्षक झाला आणि आला कुठे, तर मुंबईत, महिंद्रा युनायटेडकडे. कंपनीची टीम, १९६२ पासूनची. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, आणि पहिल्या वर्षी तेवढी पंजाबच्या जेसीटीने नेली. नंतर दरवर्षी एक तर कोलकाता, नाहीतर गोवा. दुसऱ्या कोणाला हातच लावू देत नव्हते! आणि २००५-०६च्या मोसमात या माणसाच्या टीमने आधी फेडरेशन कप घेतला, मग ईस्ट बंगालला मागे टाकून लीगही घेतली. एकाच मोसमात दोन्ही! पुढे ब्राझीलचा बरेटो, घानाचा याकुबू, आपला स्टीव्हन डायस. २००७ मध्ये तर एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत, थेट लेबनॉनच्या नेज्मेहशी गाठ! २००८ मध्ये ड्युरंड कप. आणि हे सगळं चालू असताना मी काय करत होतो? लालबागला बसून ‘मुंबईत फुटबॉल कुठाय’ असं म्हणत होतो.

पुढची गंमत ऐका. २००९ मध्ये परेरा गेले पुण्याला. पुणे एफसी नुकतीच आय-लीगमध्ये, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या लीगमध्ये, वर आली होती. मालक अशोक पिरामल समूह, म्हणजे आमच्या परळच्या मोरारजी मिलवाले! गिरणीचा भोंगा कधीच बंद पडला होता, आणि तेच नाव पुण्यात फुटबॉल चालवत होतं. नव्या कोऱ्या टीमला पहिल्याच मोसमात तिसरा नंबर, आणि २०१२-१३ मध्ये दुसरा. महिंद्राने मात्र २०१० मध्ये टीमच बंद केली. हे वाचलं तेव्हा, खरं सांगतो, पोटात कालवलं. ज्या टीमची ओळख होऊन चार तास झाले नव्हते, तिचं सुतक!

परेरा मात्र पुण्याहून परत आपल्या जुन्या साळगावकरकडे, मग पुण्याच्याच डीएसके शिवाजीयन्सकडे. आणि डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक फेरांडो भर मोसमात कोलकात्याला निघून गेले, तेव्हा टीम कोणाच्या हाती दिली? परेरांच्याच! चढाईपटू बाद झाला की सगळ्यांची नजर जशी कोपऱ्यातल्या जुन्या माणसाकडे वळते, तशी.

मंगळवारी रात्री मंडळाच्या कट्ट्यावर हे सगळं एका दमात सांगितलं. पोरांनी मोबाइल काढले, खरं-खोटं तपासायला. आमचे जुने कबड्डीचे मास्तर कॅरमवर पावडर टाकत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं,

‘खेळायचा कुठे तो?’

‘मागे. बचावात.’

‘मग बरोबर आहे,’ मास्तर म्हणाले, ‘चढाई करणाऱ्याला समोरचेच दिसतात. कोपऱ्यातल्याला आपलेही सहा दिसत असतात.’ आणि त्यांनी स्ट्रायकर मारला.

येत्या रविवारी मास्तरांना घेऊन कूपरेजला जातोय. करी रोडहून सकाळची गाडी. येताय?