चिंचोक्यांचा हिशेब

बोर्डीत बालवाडी निघाली आणि वस्तीतली पोरं तिकडे फिरकेनात. १९४५च्या अखेरीस ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे काम सुरू केलं, त्या काळातली ही गोष्ट. गाव देखणं. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. पण मजुरीला जाणाऱ्या आईला पोराला अंघोळ घालून, भांग पाडून बालवाडीत पोचवायची सवड कुठली? आणि ज्यांना गावात वावरतानाच अंग चोरावं लागे, त्यांच्या मुलांना ती पायरी आपली वाटावी तरी कशी? मग या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. तिथेच मुलांची नखं काढायची, नाकं पुसायची, तिथेच गाणी म्हणायची. कोंबड्या मधून फिरायच्या, म्हातारी माणसं ओट्यावर बसून बघायची.

बालशिक्षणाच्या जागेचा विचार करताना मी नेहमी या अंगणापाशी येऊन थांबते. कारण ताराबाई काही साधनं मिळत नाहीत म्हणून अंगणात गेल्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसोरी पद्धत उभी केली होती, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता, दादरचं शिशुविहार चालवलं होतं. गुलाबी मनोरा त्यांच्या हाताखालून कितीदा गेला असेल! एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा ठोकळे, कडा घासूनपुसून नेमक्या केलेले. खाचेत बसवायच्या दट्ट्यांचंही तेच. एखादा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्ट्या बसतच नाही, त्यामुळे बाईंना ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही. इतकं विचारपूर्वक घडवलेलं साहित्य हाताशी असताना या बाईंनी गावात शंख, शिंपले, गोटे, पानं, बिया असलं सामान जवळ केलं.

यात काही हरवलं का? थोडं हरवलं. गोटे सेंटिमीटरने चढत नाहीत. पण समुद्रावरचे गोटे एकावर एक रचून पाहा. ठोकळा कसाही ठेवला तरी बसतो. गोट्याची मात्र एखादीच बाजू खालच्या गोट्याला मानवते, आणि ती बोटांनी चाचपून शोधावी लागते. शोधली नाही तर मनोरा कोसळतो, म्हणजे ‘चुकलं’ इथेही कुणाला म्हणावं लागत नाही. शिवाय गोटा हरवला तर रोमहून मागवायला नको.

पुढे दहा-बारा वर्षांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली पोरं गुरांमागे, नाहीतर कडेवर धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हटलं. आणि गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. पोराला शाळेच्या सोयीने वाकवण्यापेक्षा शाळेने पोराच्या दिवसाकडे बघून कूस बदलायची, अशी ती रीत. १९७३ साली ताराबाई गेल्या. १९७५च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली, आणि अंगणवाडी देशभर पोचली. मात्र अंगण सगळीकडे पोचलं असं नाही.

आता जी अंगणवाडी माझ्या डोळ्यांपुढे आहे, ती डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. एक खोली, पुढे पडवी, बाजूला आंब्याचं झाड. खोलीत भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवलेला आहे आणि त्यावर खडूच्या रेघांचं रान माजलेलं. वरच्या भिंतीवर फळं-भाज्यांचे तक्ते माझ्या नजरेच्या उंचीवर. तीन वर्षांच्या पोराला वर मान करून पाहिलं तर त्यातलं कलिंगड तेवढं दिसत असेल, तेही खालून. लोखंडी कपाटात प्लास्टिकच्या खेळण्यांचा संच, पिशवीसकट, कुलूपबंद. “फुटलं तर लिहून कोण देणार?” सेविकेने मला विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. शहरातल्या महागड्या नर्सरीत, जिथे भिंतीभर कार्टून आणि खाली फोमच्या गाद्या असतात, तिथेही मी हेच पाहिलं आहे: वस्तू जितकी किमती, तितकी ती मुलांपासून जपायची.

खेळ चालला होता पडवीत. एका सुपात सागरगोटे, चिंचोके, रिठे, गुलमोहराच्या वाळक्या शेंगा. चार-साडेचार वर्षांची एक मुलगी रिठे निवडत होती, पण डोळ्यांनी नव्हे. एकेक रिठा उचलायचा, कानाशी नेऊन हलवायचा. रिठा चांगला वाळला की आतलं बी खुळखुळतं. वाजला तो डावीकडे, नाही वाजला तो उजवीकडे. मधेच एक रिठा तिने दोनदा, तीनदा हलवला, शेजारच्या पोराच्या कानाशी नेला आणि दोघांचं एकमत झाल्यावर जाहीर केलं, “ह्यात कोणी नाय.” हे वर्गीकरण कुठल्या तक्त्यावर नव्हतं.

असं काही पाहिलं की लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो: निसर्गाची शाळा, फुकटचं साहित्य वगैरे. मीही ते लिहिलं असतं, पण तेवढ्यात सेविका शेजारी बसून सूप पाखडू लागली. गुंज आली होती एक, ती तिने उचलून ओच्यात टाकली. गुंज देखणी, पण विषारी. हरभरा-वाटाणा ती सुपात ठेवतच नाही. पोरं नाकात घालतात, ओल धरून तो फुगतो, मग दवाखाना गाठावा लागतो. अगदी धाकट्यांना चिंचोकेसुद्धा ती स्वतः समोर बसल्याशिवाय देत नाही. बिया ती येता-जाता ओढ्याकाठून वेचते, धुते, वाळवते. पावसाळ्यात चार महिने अंगणात चिखल, पडवीत झड येते, बियांना बुरशी धरते. त्या टाकायच्या, दिवाळीनंतर पुन्हा वेचायच्या. याखेरीज मदतनिसीबरोबर पोषण आहार, लसीकरणाच्या दिवशी आया गोळा करणं, वजनं, रजिस्टरं, मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर. या साऱ्यासाठी तिच्या हाती पडतं ते मानधन, वेतन नव्हे.

म्हणजे ते सूप फुकट नव्हतं. पैसे पडले नव्हते इतकंच. निसर्गातल्या वस्तूने पैसा वाचतो आणि वेळ खर्ची पडतो, आणि तो वेळ नेहमी कुणा बाईचा असतो. तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून सुपातली खेळणी आपल्याला स्वस्त वाटतात. अशी जागा मोडते तीही भिंत पडून नव्हे. बाईला एखाद्या वर्षी बिया वेचायला सवड होत नाही, पुढच्या वर्षी सूप फुटतं, आणि मग कपाटाचं कुलूप तेवढं शाबूत राहतं. खोलीला दरवर्षी रंग काढण्यापेक्षा बाईचा रोज एक तास मोकळा करून द्यावा, असं माझं मत. तक्ते तेवढे दोन हात खाली आणावेत. त्याला खिळे आणि हातोडी पुरे.

निघताना मी तिला विचारलं, तुमच्यासाठी पुढल्या खेपेला काय आणू? मला वाटलं, पुस्तकं म्हणेल, रंग म्हणेल.

“बरण्या आणा मॅडम, रुंद तोंडाच्या. झाकण घट्ट पायजे. मग पावसात बिया ऱ्हातील.”

काचेच्या चालतील का, असं मी विचारलं, मनात प्लास्टिकविषयीचे माझे सगळे विचार बाळगून. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा पडवीतल्या पोरांकडे पाहिलं.

“काचेच्या कशाला? फुटतात त्या. प्लास्टिकच्याच आणा.”