पहिल्या घराच्या दारी

विठ्ठलदर्शनासाठी पंढरपूरला आपण सारेच जातो. तेथे प्रार्थना समाजाने १८७५ साली सुरू केलेल्या बालकाश्रमाकडे मात्र क्वचितच वळतो. परदेशी वाढलेले आपले दत्तक नातवंड आई-वडिलांसह अशा एखाद्या संस्थेत, आपल्या पहिल्या घरी, येईल तेव्हा आजी-आजोबा म्हणून आपणही सोबत जावे. संस्थेस आधी कळवावे. जन्मवजन, लसीकरण, बालपणीचे आजार यांच्या नोंदी मागाव्यात; घराण्यातील आजारांचा रकाना बहुधा कोराच असतो, तेव्हा आम्हा डॉक्टरांना याच नोंदींचा आधार. जन्मदात्यांची चौकशी तेथे करू नये. तिची कायदेशीर वाट निराळी. मूल पाळण्यांपाशी रेंगाळले, तर थांबावे. दारातूनच मागे फिरले, तर रागावू नये; एवढा दूरचा प्रवास मोठ्यांनी ठरवला होता, त्याने नव्हे. विठ्ठलाचे दर्शन दुसऱ्या दिवशीही घेता येते.