झाडावरचा लाडोबा आणि पाण्यातली मुशी

सिडनीहून पॅसिफिक हायवेने उत्तरेला निघालं की साधारण ३९० किलोमीटरवर पोर्ट मॅक्वारी लागतं. इथलं कोआला हॉस्पिटल १९७३ पासून चालू आहे. गाडीखाली सापडलेले, कुत्र्याने चावलेले, वणव्यात होरपळलेले, क्लॅमिडियाने डोळे आलेले असे पेशंट इथे येतात. निलगिरीचा पाला खाऊन दिवसाचे अठरा-वीस तास झोपणारा हा प्राणी पाहिला की मुलं हरखतात. (अस्वल मात्र म्हणू नका हं, तो कांगारूच्या गोतातला!)

तिथून तासाभरावर साउथ वेस्ट रॉक्स. किनाऱ्यापासून थोडं आत फिश रॉक नावाचा खडक आहे आणि त्याच्या पोटात आरपार गुहा. तिथे ग्रे नर्स शार्क, म्हणजे आपली मुशीच, संथपणे तरंगत असते. लांबी तीन मीटर, दात सुयांसारखे बाहेर आलेले. पण खाणं माशांचं. माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही.

आता गंमत पाहा. कोआलाचं पिल्लू जन्मतं वालाच्या दाण्याएवढं आणि सहा महिने आईच्या पिशवीत वाढतं. मुशीला गर्भाशयं दोन. प्रत्येकात आधी मोठं झालेलं पिल्लू बाकीच्या भावंडांना पोटातच खाऊन टाकतं! दोन वर्षांत फार तर दोन पिल्लं, पण जन्मताच मीटरभर लांब. कोआलाचंही सहसा वर्षाला एकच. म्हणजे एक मायाळू, दुसरी क्रूर वाटली, तरी दोघींची अडचण एकच: मेलेल्यांची जागा लवकर भरून निघत नाही.

आणि मारलं दोघांनाही माणसानेच. कातड्यासाठी क्वीन्सलँडमध्ये १९२७ च्या एका महिन्यात पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. मुशीला नरभक्षक समजून १९५० आणि ६० च्या दशकांत पाणबुड्यांनी भाल्यांनी टिपलं. १९८४ मध्ये न्यू साउथ वेल्सने तिला कायद्याचं संरक्षण दिलं. असं संरक्षण मिळालेली ती जगातली पहिली शार्क. कोआला इथे २०२२ पासून 'धोक्यात' आहे. पूर्व किनाऱ्यावरची मुशी तर 'अतिधोक्यात'. आजही मासेमारीचे गळ तिच्या जबड्यात अडकतात.

२०१९ च्या वणव्यानंतर कोआलासाठी जगभरातून लाखो डॉलर जमले. छानच झालं. पण मुशीसाठी कोण रडतं? दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत कोआला पाहून परत फिरू नका. स्मोकी केपच्या दीपगृहापर्यंत जा आणि समोरच्या पाण्याखाली कोण राहतं तेही मुलांना सांगा.