माळ्यावरच्या कॅसेट फेकू नका!

मंडळी, व्हीसीआरच्या कॅसेटवर आम्ही दोघं मित्र माहितीपट करतोय. गाडीच्या डिकीत एक चालू व्हीसीआर आणि जुना टीव्ही टाकला आन् सोलापूरहून निघालो. मोहोळ, पंढरपूर, बार्शी, शेवटी अक्कलकोट.

१९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर, मग लग्नात ‘व्हिडिओ शूटिंग’. घरोघरी माळ्यावरून तेच निघालं. लग्न, बारसं, गड्ड्याची यात्रा. एका कॅसेटमध्ये नंदीध्वजांच्या मिरवणुकीत बाराबंदीतले आजोबा दिसले, तर नातू टीव्हीपुढनं हलेना.

अक्कलकोटला एक आजी म्हणाल्या, “ह्यांचा आवाज आता एवढ्यातच हाय, बाळा.” कॅसेट उघडून बघितली, टेपवर पांढरी बुरशी. तशीच लावली असती तर टेप खराब झाली असती, म्हणून लावली नाही. आजी काहीच बोलल्या नाहीत.

जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता आहेत तेवढीच यंत्रं. सिनेमे जपायला पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. आपल्या घरातल्या कॅसेट कोण जपणार?

महापालिका आणि विद्यापीठानं मिळून एक केंद्र काढावं. दोन-तीन दुरुस्त व्हीसीआर, संगणक आणि शिकवलेली चार पोरं, एवढ्यावर सुरुवात होते. कॅसेटमागं पैसे मोजणं प्रत्येकाला परवडत नाही.

तोवर कॅसेट कोरड्या जागी, उभ्या ठेवा. बुरशी दिसली तर लावू नका. आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारात तर अजिबात घालू नका.