पिसांचे वय

तिबेट-लडाखच्या पठारावरील आणि मध्य आशियातील सरोवरांकाठी उन्हाळ्यात जन्मलेला तपकिरी डोक्याचा कुरव पहिल्या हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा त्याच्या अंगावर दोन पिढ्यांची पिसे असतात. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे उडायला लागण्यापूर्वीच, एकाच हंगामात फुटलेली असतात. डोक्यावरची व पाठीवरची पिसे मात्र शरदापर्यंत गळून तेथे नवी येतात. या अर्धवट पीसबदलामुळे पाठ प्रौढासारखी राखाडी दिसते, पण पंखावर तपकिरी पट्टा आणि शेपटीच्या टोकाशी काळी पट्टी तशीच राहते.

पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते. नखाप्रमाणे ते मुळातून पुढे सरकत नाही, म्हणून त्याची झीज भरून निघत नाही. काळ्या रंगद्रव्यामुळे, म्हणजे मेलॅनिनमुळे, पिसाला कणखरपणा येतो, त्यामुळे फिकट कडा आधी झडतात आणि गडद भाग मागे उरतो. तोही उन्हाने विटत जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये असा विटलेला पट्टा पाहून पक्षी थोराड ठरवण्याची चूक सहज होते. रंग पाहण्याआधी झीज पाहावी, हा क्रम निरीक्षकाने कधीही सोडू नये.

प्रौढाच्या पंखाच्या काळ्या टोकात मोठे पांढरे ठिपके असतात, त्यांना अभ्यासक ‘आरसे’ म्हणतात. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला ते नसतात, आणि झिजून किंवा विटून आरसा तयार होत नाही. म्हणूनच बसलेल्या पक्ष्यापेक्षा डोक्यावरून वळण घेणारा पक्षी कितीतरी अधिक सांगून जातो. जवळून दिसला तर डोळाही पाहावा: प्रौढाचा फिकट, पिलाचा गडद. पंखांची पिसे पुढच्या उन्हाळ्यात, आतल्या पिसापासून टोकाकडे, दोन्ही बाजूंनी जोडीने बदलतात, त्यामुळे उडणे थांबत नाही.

मोठ्या कुरवांना प्रौढ वेष यायला साधारण चार वर्षे लागतात आणि तेथे गुंतागुंत फार वाढते. पी. जे. ग्रँट यांच्या 1982 च्या ग्रंथाने वयानुसार कुरव ओळखण्याची शिस्त दुर्बिणीने पाहणाऱ्यांच्या हाती दिली, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

वसंताच्या तोंडावर कोवळ्या कुरवाच्या डोक्यावर तुटक तपकिरी टोपी उगवू लागते. त्या वेळी एकाच पक्ष्यावर गेल्या उन्हाळ्याचा पंख, शरदातली पाठ आणि नुकतेच फुटलेले डोके एकत्र नांदत असते.